बधिराचा वाटा

वाटणीच्या आणि हक्कसोडीच्या दस्तांचा शेवट ठरलेला असतो. वरील मजकूर मला वाचून दाखविण्यात आला, तो समजला व मान्य आहे, असे लिहून त्याखाली सही किंवा अंगठा घेतात. सुमारे वीस वर्षांपूर्वी, मी वकिलीत नवा असताना, सीमाभागातील एका कुटुंबाने असाच एक दस्त तपासून घेण्यासाठी माझ्याकडे आणला होता. तिघा भावांपैकी मधला भाऊ वडिलार्जित घरातील व जमिनीतील आपला सर्व हक्क सोडून देत होता. तो जन्मापासून बहिरा होता. जे त्याला वाचून दाखविले असे दस्त म्हणतो ते त्याने ऐकले कसे, एवढेच मी विचारले. थोरल्या भावाने आडपडदा न ठेवता उत्तर दिले, “वकीलसाहेब, तो जन्मतःच बहिरा. त्याला काय कळणार? जेवणखाण, कपडालत्ता आम्ही त्याला जन्मभर देणारच आहोत.”

त्या गृहस्थाने धर्मशास्त्राचा ग्रंथ कधी उघडला असेल असे वाटत नाही. तथापि त्याच्या तोंडून शेकडो वर्षांचा जुना कायदा, जवळजवळ कलमवार, बोलत होता. तो कायदा कोणता होता, त्यातील ‘जन्मतः’ या शब्दाने किती भार वाहिला, आणि गेल्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांतील कानाच्या संशोधनाने त्या शब्दाचा अर्थ कसा उलगडला, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्यांना पित्याच्या धनात वाटा नाही अशांची यादी आहे. तीत जन्मांध आणि जन्मबधिर यांचा उल्लेख आहे. याच्या लगेच पुढे, अशा व्यक्तींना यथाशक्ति अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होय, असेही सांगितले आहे; आणि त्यांना संतती झाल्यास ती वाट्याला पात्र ठरते. याज्ञवल्क्याचा नियमही याच धर्तीचा आहे : वाटा नाही, पोषण मात्र करावे. मुळाशी विचार धर्मकर्माच्या अधिकाराचा होता. जो मंत्र ऐकू शकत नाही, उच्चारू शकत नाही, त्याला कर्माचा अधिकार नाही; आणि ज्याला कर्माचा अधिकार नाही त्याला त्या कर्मासाठी लागणारे धनही नाही, अशी ती विचारसरणी होती. शिवाय त्याच मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मूक, अंध, बधिर यांचा जन्म पूर्वकर्माच्या शेषामुळे होतो असे म्हटले आहे. कायदा वाटा नाकारीत होता आणि कर्मविपाकाचा सिद्धांत त्या नकाराला कारण पुरवीत होता.

याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तो कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात होता; त्या राजाचा काळ इ. स. १०७६ ते ११२६ असा मानतात. ती कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आमच्या सीमाभागातील आणि हैदराबादकडील वाचकांना ते काही परके गाव नव्हे. पुढे बंगाल सोडून जवळजवळ सर्व हिंदुस्थानात वारसाहक्काच्या बाबतीत हीच टीका प्रमाण मानली गेली. विज्ञानेश्वराने अपात्रतेचा नियम कायम ठेवला. परंतु त्याला एक दार ठेवले. वाटणी झाल्यानंतरही औषधादी उपायांनी तो दोष दूर झाला, तर वाटणीनंतर जन्मलेल्या पुत्राप्रमाणे त्याला आपला वाटा मिळावा, असे त्याने सांगितले. हे दार लहान दिसते, पण त्याचा अर्थ मोठा आहे. दोष हा माणसाच्या स्वरूपाचा भाग नसून, घालविता आला तर जाणारी अवस्था आहे, असे त्याने मानले. दुर्दैव एवढेच की त्या दारातून आत येण्याजोगे औषध पुढील नऊशे वर्षे कोणत्याही वैद्याजवळ नव्हते.

इंग्रजी अमदानीत हा नियम न्यायालयात आला. कोलब्रुकने १८१० मध्ये मिताक्षरेच्या दायविभागाचे भाषांतर केले आणि न्यायाधीशांच्या हाती ग्रंथ पडला. त्यांनी नियम शक्य तितका आवळून वाचला. बहिरेपण जन्मतः असले पाहिजे आणि ते असाध्य असले पाहिजे, तरच वाटा जाईल. तापाने किंवा अपघाताने ज्याचे कान गेले त्याचा वाटा अबाधित, असे त्यांनी धरले. हा अर्थ दयेचा होता. परंतु त्यामुळे ‘जन्मतः’ या एका शब्दाला शेतजमिनीची किंमत आली. हा शब्द सिद्ध कसा करावयाचा? पुरावा तो कसला असणार? एखादी वृद्ध आत्या सांगणार की बारशाच्या दिवशी पोर ताटाच्या आवाजाने दचकले नाही. दुसऱ्या पक्षाची सुईण सांगणार की देवळात नगारा वाजला की ते मान वळवीत असे. आईच्या उदरात काय घडले याची साक्ष देणारा कोणी नव्हता. कायद्याने असा प्रश्न विचारला होता की ज्याचे उत्तर त्या काळी जगातील कोणत्याही विद्वानाला पुरतेपणी देता आले नसते.

ते उत्तर शोधण्याचे काम मात्र दूर युरोपात, वाटणीच्या दाव्यांची वार्ताही नसलेल्या माणसांनी, सुरू केले होते. इटलीतील बोलोन्या येथे १७९१ मध्ये कार्लो मोंदिनी या शरीरशास्त्रज्ञाने एका आठ वर्षांच्या जन्मबधिर मुलाच्या कानाचा अभ्यास विद्वत्सभेपुढे ठेवला. गाडीच्या अपघातात दुखावून तो मुलगा मरण पावला होता. कानाच्या मागे, कवटीच्या अतिशय कठीण हाडात, गोगलगाईच्या शंखासारखी वळत गेलेली एक नलिका असते. निरोगी माणसात तिचे सुमारे अडीच वेढे असतात. या मुलाच्या कानात ते दीडच होते. बहिरेपणाचे कारण जिभेत नाही, बुद्धीत नाही, दैवातही शोधण्याचे कारण नाही; ते हाडाच्या आत, मोजता येईल असे पडलेले आहे, हे त्या दीड वेढ्यांनी दाखविले. जी साक्ष आत्या आणि सुईण देऊ शकत नव्हत्या, ती प्रथमच एका मृत बालकाच्या हाडाने दिली.

वेढे अपुरे राहिले, याचा अर्थ ते कधीतरी वाढत होते आणि मध्येच थांबले. मग ते वाढतात कसे? येना येथील एमिल हुश्के याने १८३१ मध्ये कोंबडीच्या अंड्यातील गर्भ पाहून दाखविले की कानाचा हा आतला भाग वरच्या त्वचेचाच एक ठिपका आत दबून तयार होतो. मानवी गर्भातही असेच घडते, हे पुढे निश्चित झाले. गर्भधारणेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास, जेव्हा पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसते, तेव्हा गर्भाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्वचेचा एकेक ठिपका जाड होतो. तो खोलगट होतो, त्याचे तोंड मिटते, आणि एक सूक्ष्म पिशवी मेंदूच्या शेजारी आत राहते. या पिशवीतून एका बाजूला तोल सांभाळणारी अर्धवर्तुळे फुटतात आणि दुसऱ्या बाजूला शंखनलिका वळत वाढू लागते. आठव्या आठवड्याच्या अखेरीस तिचे अडीच वेढे पूर्ण होतात. सातव्या आठवड्यात वाढ खुंटली तर वेढे दीडच राहतात. मोंदिनीच्या त्या मुलाचा निकाल याच सुमारास लागला होता.

परंतु ज्यांचे वेढे पुरे असूनही ऐकू येत नाही अशांची संख्या फार मोठी आहे. त्यांचे रहस्य आल्फोन्सो कोर्ती याने उघडलेल्या दालनात होते. पाव्हियाजवळच्या गांबाराना येथे १८२२ मध्ये जन्मलेला हा उमराव घराण्यातील तरुण वुर्त्सबुर्ग येथे सूक्ष्मदर्शकाखाली सस्तन प्राण्यांचे कान पाहात होता. कोचिनील किड्यापासून काढलेल्या तांबड्या रंगात त्याने आतील पडदे रंगविले, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींच्या रांगा उठून दिसल्या. १८५१ मध्ये त्याने हे वर्णन प्रसिद्ध केले. शंखनलिकेच्या संपूर्ण लांबीभर, सुमारे ३५ मिलीमीटर, पसरलेल्या त्या रचनेला आजही कोर्तीचे नाव आहे. तिच्यात सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. त्यांच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केसांचे झुबके असतात. ध्वनीच्या लहरीने ते हलले की पेशी ती हालचाल मज्जातंतूला विद्युत्संकेताच्या रूपाने देते. योगायोग असा की ज्या वर्षी हा प्रबंध निघाला त्याच वर्षी कोर्तीचे वडील वारले, मार्केझे ही वडिलार्जित पदवी त्याच्याकडे आली, आणि त्याने संशोधन सोडले. कानाचा हा शोधक स्वतः वारसदार झाल्यावर विज्ञानातून बाहेर पडला.

या रोमपेशींविषयी दोन गोष्टी विसाव्या शतकात कळल्या, आणि त्या दोन्ही ‘असाध्य’ या शब्दाशी निगडित आहेत. पहिली, रॉबर्ट रूबेन याने १९६७ मध्ये उंदराच्या गर्भावरील प्रयोगांतून दाखविली : या पेशी ज्या पेशींपासून होतात त्यांचे विभाजन जन्माच्या पुष्कळ आधीच थांबते. म्हणजे सस्तन प्राणी आयुष्यभराच्या रोमपेशींची शिदोरी जन्मापूर्वीच बांधून घेतो. त्यात पुढे भर पडत नाही. दुसरी गोष्ट १९८८ मध्ये पुढे आली. कोंबडीची पिल्ले आणि लाव्हे यांच्या कानातील रोमपेशी मोठ्या आवाजाने नष्ट केल्या असता काही दिवसांत त्या जागी नव्या पेशी उगवतात, असे दोन निरनिराळ्या संशोधकगटांनी दाखवून दिले. पक्ष्याला जे जमते ते माणसाला का जमू नये, हा प्रश्न तेव्हापासून प्रयोगशाळांतून विचारला जात आहे.

आता ‘जन्मतः’ या शब्दाकडे परत येऊ. विसाव्या आठवड्याच्या सुमारास मानवी गर्भाच्या कानाची रचना बहुतांशी पुरी झालेली असते, आणि पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहाची कथा ऐकणारा अभिमन्यू आपण कीर्तनातून लहानपणापासून ऐकला आहे. युद्धशास्त्र समजण्याची गोष्ट सोडली, तरी गर्भ ऐकतो ही त्या कथेतील कल्पना निराधार नाही. मग जे मूल ऐकत नाही, त्याच्या बाबतीत त्या महिन्यांत काय घडले?

या प्रश्नाला आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर मिळत आले : आईने काहीतरी केले. ग्रहणात विळी हाती धरली, कुणाचा तळतळाट घेतला, व्रत मोडले. पूर्वजन्मीचे पाप मुलाचे आणि या जन्मीचे आईचे, अशी दोघांच्या माथी दोष मारण्याची ही सोय होती. सिडनीतील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग याने १९४१ मध्ये वेगळे उत्तर प्रसिद्ध केले. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ बालकांचा त्याने अभ्यास केला. त्यांतील ६८ बालकांच्या मातांना गरोदरपणी, बहुधा पहिल्या महिन्यांत, रुबेला म्हणजे जर्मन गोवर झाला होता. थोडासा ताप, दोन दिवस पुरळ. आईला तो आठवतही नसे इतका सौम्य. पुढील दोन-तीन वर्षांत अशा मातांची पुष्कळ मुले बहिरीही असल्याचे ऑस्ट्रेलियातच दिसून आले.

यापुढील शोध कायद्याच्या अभ्यासकाला विशेष मोलाचा वाटेल, कारण तो जुन्या दप्तरांतून लागला. लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या जुन्या खानेसुमारीतील बधिरांच्या नोंदी आणि बधिरांच्या शाळांची पटपत्रके पडताळून १९५१ मध्ये निष्कर्ष मांडला. १९११ च्या खानेसुमारीत दहा ते चौदा वर्षांच्या वयोगटात बधिरांची संख्या एकदम फुगलेली होती. दहा वर्षांनी तीच फुगवटी वीस ते चोवीस वर्षांच्या गटात सरकली. ही १८९९ च्या सुमारास जन्मलेली मुले होती, आणि त्याच सुमारास त्या देशात रुबेलाची साथ येऊन गेली होती. एकाच वर्षी इतक्या जिवांचे पूर्वकर्म एकाच खंडात फळाला आले असे म्हणावयाचे, की साथ आली होती असे म्हणावयाचे, याचा निवाडा करण्यास न्यायाधीशाची गरज नाही.

या कारणावर उपाय आहे, ही समाधानाची गोष्ट. रुबेलाची लस १९६९ पासून उपलब्ध आहे. आपल्या देशात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये निघाली आणि पहिल्याच टप्प्यात गोवा व कर्नाटक यांचा समावेश होता. त्या वेळी शाळांतून लस टोचून घेण्यास काही पालकांनी का-कू केली. एका मुलीला टोचलेली लस पुढे तिच्या उदरी येणाऱ्या बालकाचा कान राखते, हे त्यांना कोणी समजावून सांगितले असते तर बरे झाले असते.

सर्वच बहिरेपण साथीचे नसते. जन्मजात बहिरेपणात निम्म्याहून अधिक वाटा आनुवंशिक कारणांचा मानतात, आणि तरीही बहुसंख्य बधिर मुलांचे आईबाप ऐकणारेच असतात. हे कसे, ते १९९७ मध्ये स्पष्ट झाले. रोमपेशींभोवतीच्या पेशींमध्ये क्षारांची देवघेव करणाऱ्या सूक्ष्म वाटा ज्या प्रथिनाच्या बनतात, त्याच्या जनुकातील दोष हे जन्मजात बहिरेपणाचे एक प्रमुख कारण आहे असे आढळले. भारतात या जनुकातील एक विशिष्ट दोष वारंवार दिसतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन सदोष प्रती एकत्र आल्या तरच मूल बहिरे होते; एकेक प्रत बाळगणारे आईबाप उत्तम ऐकतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते. आता आपल्यासारख्या लहान समाजांनी स्वतःला एक अप्रिय प्रश्न विचारावयास हवा. मोजक्या देवस्थानांच्या महाजनांत, ठराविक कुळांत पुनःपुन्हा सोयरिकी जमविणे, मामेबहिणीशी, आणि काही ठिकाणी भाचीशीही, विवाह करणे, यांमुळे सारख्याच दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. गोत्र टाळले म्हणजे जनुक टळला असे नव्हे. यात पाप कुणाचेच नाही. परंतु जे कळले ते न कळल्यासारखे करणे हा दोष मात्र आपला ठरेल.

विज्ञान ही वाट चालत असताना कायदा स्वस्थ बसला नव्हता. किंबहुना या एका बाबतीत तो विज्ञानाच्या पुढे गेला, याचा मला अभिमान वाटतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची खुणांनी किंवा लिहून दिलेली साक्ष तोंडी साक्षीइतकीच ग्राह्य धरली होती. म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याविषयी साक्ष देण्यास तो पात्र, पण स्वतःच्या वाट्यास अपात्र, अशी विसंगती पन्नासहून अधिक वर्षे राहिली. १९२८ च्या बाराव्या कायद्याने मिताक्षरा मानणाऱ्या हिंदूंपुरती ही अपात्रता दूर केली. जन्मतः वेडा किंवा जड असलेला तेवढा वगळला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने तेही उरले नाही : कोणत्याही रोगामुळे, दोषामुळे किंवा व्यंगामुळे कोणी वारसाहक्कास अपात्र होणार नाही. गोव्याची वाट निराळी होती. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली. तीत बहिरेपण हे वारसा नाकारण्याचे कारण नव्हते. ज्या मूकबधिराला आपली मालमत्ता सांभाळण्याची कुवत नसेल त्याच्यावर पालक नेमण्याची मात्र तरतूद होती. पुढे २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याने मालमत्ता बाळगण्याचा व वारशाने मिळविण्याचा त्यांचा समान हक्क पुन्हा स्पष्ट शब्दांत सांगितला.

आणि विज्ञानेश्वराचे ते दार? तेही आता किलकिले झाले आहे. पॅरिसमध्ये १९५७ साली जूर्नो आणि एरिये यांनी बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणतंतूला विद्युत्‌प्रवाहाने चेतविले. त्या प्रयत्नातून पुढे बसविता येणारी कृत्रिम शंखनलिका निघाली. ती कान बरा करीत नाही, निकामी रोमपेशींना वळसा घालून संकेत तंतूपर्यंत नेते. यापुढचे पाऊल शांघायमध्ये पडले. एका विशिष्ट आनुवंशिक बहिरेपणात रोमपेशी शाबूत असतात, पण त्यांचा निरोप तंतूपर्यंत पोहोचविणारे प्रथिनच नसते. त्याचे जनुक पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९९९ मध्ये ओळखले गेले. या जनुकाची निर्दोष प्रत सहा मुलांच्या कानात एकदाच टोचून घातली असता पाच मुलांना ऐकू येऊ लागले, असे वृत्त जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. बहिरेपणाच्या अनेक कारणांपैकी हे एक, आणि तेही विरळ. परंतु औषधाने दोष जावा ही मिताक्षरेची अट प्रथमच अक्षरशः पुरी झाली.

तरीही माझे म्हणणे नेमके याच ठिकाणी आहे. ती अट पुरी झाली म्हणून आनंद मानावा. पण वाटा त्या अटीवर अवलंबून नाही, हे विसरू नये. उपचार लवकर हवा, जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच बालकाच्या कानाची तपासणी व्हावी, कारण भाषा शिकण्याची वर्षे वाट पाहात थांबत नाहीत. ज्याला यंत्र लागू पडत नाही त्याला खुणांची भाषा त्याच वयात मिळाली पाहिजे. मात्र कान बरा झाला काय, न झाला काय, तो बापाचा मुलगा आहे, आणि वाटा मुलाचा असतो, कानाचा नसतो. कायद्याने हे १९५६ मध्ये मान्य केले. घराने अजून करावयाचे आहे.

त्या दस्ताचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. बधिरांच्या शाळेतील एका शिक्षिकेला बोलावून दस्तातील मजकूर त्या मधल्या भावाला खुणांनी समजावून दिला. तो शेवटपर्यंत शांतपणे पाहात होता. मग त्याने शाई लावलेला अंगठा धोतराला पुसला आणि एकच खूण केली. शिक्षिकेने ती मला सांगितली : घर माझेही आहे. दस्त झाला नाही. धाकट्या भावाने मान खाली घातली, आणि थोरला काही वेळाने म्हणाला, “इतकी वर्षे त्याला कुणी विचारलेच नव्हते.”